पाण्यातून हायड्रोजन : स्वस्त उत्प्रेरकातलं 'स्वस्त' नेमकं कुठे असतं?

धातुवेडी

दोन प्लॅस्टिकचे बीकर. दोन्हींत कॉस्टिक पोटॅशचं (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं) सारख्याच तीव्रतेचं द्रावण, दोन्हींत एकाच पत्र्यातून कापलेल्या निकेलच्या पट्ट्या, दोन्हींना सारखाच विद्युतदाब. रात्रभर चालू ठेवून सकाळी पाहिलं, तर एका बीकरमधल्या ॲनोडवर, म्हणजे धन टोकाच्या पट्टीवर, ऑक्सिजनचे बुडबुडे भराभर सुटत होते आणि दुसऱ्यातल्या पट्टीवर अगदी तुरळक. फरक एवढाच होता, की पहिल्यातलं पोटॅश बाटलीतून जसंच्या तसं घेतलं होतं आणि दुसऱ्यातलं मी आदल्या दिवशी खपून शुद्ध केलं होतं. शुद्ध केल्यावर काम मंदावलं!

बाटलीतल्या पोटॅशमध्ये लोखंड असतं. दहा लाख भागांत एक भागही भरणार नाही इतकं. पण ते निकेलच्या पृष्ठभागावर तयार होणाऱ्या ऑक्सिहायड्रॉक्साइडच्या थरात जाऊन बसतं आणि ऑक्सिजन सुटणं कितीतरी सोपं करतं. १९८७ मध्ये कॉरिगन यांनी हे पद्धतशीर मोजलं. थरात ०.०१ टक्का लोखंड असलं तरी परिणाम दिसतो, असं त्यांना आढळलं. २०१४ मध्ये ओरेगॉन विद्यापीठातल्या गटाने पोटॅशमधलं लोखंड काढून टाकून दाखवलं, की एकटं निकेल हे ऑक्सिजनसाठी फार साधारण उत्प्रेरक आहे. आधीच्या कित्येक वर्षांत 'निकेलची करामत' म्हणून जे मोजलं गेलं, त्यातलं बरंचसं बाटलीतून आलेल्या लोखंडाचं श्रेय होतं.

मजा म्हणजे बॅटरीवाल्यांना लोखंडाचा हा गुण फार आधीपासून माहीत होता, पण दोष म्हणून. निकेलच्या इलेक्ट्रोडमध्ये लोखंड शिरलं की चार्जिंगची वीज ऑक्सिजन सोडण्यात वाया जाते, म्हणून त्यांच्या लेखी ते विष. त्यांचं विष ते आपलं औषध.

गेली काही वर्षं मी याच विषयात काम करते आहे. 'प्लॅटिनमला स्वस्त पर्याय सापडला' अशी बातमी दर महिन्याला येते आणि ओळखीचे लोक ती मला पाठवून विचारतात, 'मग अजून सगळीकडे हायड्रोजन का नाही?' प्रश्न रास्त आहे. त्याला एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. पाण्यातून वीज घालवली की ऋण टोकाला हायड्रोजन आणि धन टोकाला ऑक्सिजन सुटतो, हे १८०० मध्ये निकोल्सन आणि कार्लाइल यांनी व्होल्टाच्या नव्याकोऱ्या बॅटरीवर पाहिलं. २५ अंश सेल्सिअसला यासाठी किमान १.२३ व्होल्ट लागतात. बाहेरून उष्णता न घेता सगळी ऊर्जा विजेतूनच द्यायची तर १.४८. प्रत्यक्षात मात्र इलेक्ट्रोलायझर, म्हणजे पाणी फोडणारे संच, १.८ ते २ व्होल्टवर चालतात. हा जो वरचा दाब द्यावा लागतो, तो कमी करणं हे उत्प्रेरकाचं काम. उत्प्रेरक ऊर्जा निर्माण करत नाही, १.२३ च्या खाली कुणालाही जाता येत नाही. तो फक्त वाटेतला चढ कमी करतो.

एक किलो हायड्रोजनसाठी सुमारे २६,६०० अँपिअर-तास लागतात. हा आकडा फॅरडेच्या नियमातून येतो, त्यात कुणाचीही घासाघीस चालत नाही. म्हणून दाब ०.१ व्होल्टने उतरला, की किलोमागे २.६६ युनिट वीज वाचते. उत्प्रेरकावर एवढी धडपड चालते ती या ०.१ साठी.

आता विचारा.

साधा_वाचक

फार छान सुरुवात, ताई. वाचनखूण साठवली आहे. माझा अगदी बाळबोध प्रश्न : प्लॅटिनमच का? त्याच्यात असं काय आहे जे लोखंडात किंवा तांब्यात नाही?

धातुवेडी

बाळबोध अजिबात नाही, सगळं शास्त्र या प्रश्नाभोवती फिरतं.

हायड्रोजनच्या अणूने धातूला चिकटायचं, मग जोडीदार शोधून वायू होऊन निघून जायचं. धातूची पकड सैल असेल तर अणू टिकतच नाही. पकड फार घट्ट असेल तर तो बसतो आणि उठायचं नाव घेत नाही, जागा अडून राहते. सोनं, चांदी, तांबं सैल पकडीचे. टंगस्टन, मॉलिब्डेनम घट्ट पकडीचे. प्लॅटिनम बरोबर मध्ये. पकड आडव्या अक्षावर आणि वेग उभ्या अक्षावर मांडला, की मधोमध शिखर असलेला डोंगर दिसतो. त्याला ज्वालामुखी आलेख म्हणतात. त्रासात्ती यांनी १९७२ मध्ये बऱ्याच धातूंसाठी तो काढला आणि शिखराजवळ प्लॅटिनम बसलं होतं. आम्लात १० मिलिअँपिअर दर चौरस सेंटिमीटर एवढ्या प्रवाहासाठी प्लॅटिनमला जेमतेम तीसेक मिलिव्होल्ट जादा द्यावे लागतात.

म्हणजे स्वस्त उत्प्रेरक शोधायचा तो नुसता 'स्वस्त धातू' म्हणून शोधायचा नाही. स्वस्त मूलद्रव्यांची अशी मांडणी शोधायची, जिची पकड प्लॅटिनमसारखी असेल.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मॉलिब्डेनम डायसल्फाइड. वंगणात वापरतात ती काळी, ग्रॅफाइटसारखी निसरडी पूड. १९७० च्या दशकात तिचे मोठे स्फटिक तपासले गेले होते आणि 'कामाचे नाहीत' असा निकाल लागला होता. २००५ मध्ये नॉर्स्कोव्ह यांच्या गटाने वेगळ्या दिशेने विचार केला. जिवाणूंमधली काही विकरं (एन्झाइम) हायड्रोजन बनवतात किंवा वापरतात आणि त्यांच्याकडे प्लॅटिनम नसतं. असतं ते लोखंड, निकेल, मॉलिब्डेनम आणि गंधक. त्या विकरांच्या गाभ्याची मांडणी त्यांना मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या थराच्या *कडेला* दिसली. गणित केलं तर कडेची पकड जवळजवळ नेमकी निघाली. दोन वर्षांनी हारामियो आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या पृष्ठभागावर या पदार्थाची इवलाली बेटं वाढवली आणि दाखवलं, की हायड्रोजनचा वेग बेटांच्या क्षेत्रफळाशी जुळत नाही, बेटांच्या काठाच्या लांबीशी जुळतो. मोठ्या स्फटिकाला सपाट पाठ भरपूर आणि काठ नगण्य, म्हणून तो आधी नापास झाला होता. पदार्थ तोच, चूक आपण कुठे पाहत होतो त्यात होती.

गणिती

२६,६०० चा आकडा ताडून पाहिला, बरोबर आहे. १.८ व्होल्टने गुणलं तर किलोमागे ४७.९ युनिट. म्हणजे १.४८ च्या हिशेबाने ३९.४ युनिटच्या तुलनेत कार्यक्षमता ८२ टक्के. मग उरतंच काय? सगळा आटापिटा १८ टक्क्यांसाठी?

धातुवेडी

हो, आणि त्या १८ टक्क्यांतही सगळा वाटा उत्प्रेरकाचा नसतो. द्रावणाचा रोध, पडदा, बुडबुड्यांनी अडवलेली जागा, सांध्यांमधला रोध, सगळे आपापला हिस्सा घेतात. पण प्रवाह वाढवला की चित्र बदलतं. तोच संच दुप्पट प्रवाहावर चालवता आला, तर तेवढ्याच यंत्रातून दुप्पट वायू मिळतो. चांगल्या उत्प्रेरकाचा खरा फायदा पुष्कळदा तिथे असतो : यंत्र लहान होतं.

निवृत्त_फिटर

मी विद्युत अपघटनाच्या कारखान्यात देखभालीवर होतो. अल्कली पद्धतीचे जुने संच, पोटॅश साधारण ३० टक्के, तापमान ८० अंशांच्या आसपास. आमच्याकडे प्लॅटिनम कधीच नव्हतं. निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी जाळ्या असत, आणि त्या वर्षानुवर्षं चालत. तेव्हा 'स्वस्त उत्प्रेरकाचा शोध' हे ऐकलं की वाटतं, तो तर आमच्याकडे होताच की.

आणखी एक. जाळी खराब व्हायची ती चालताना फारशी नाही, बंद करताना. वीज अचानक गेली की संचात उलटा प्रवाह वाहायचा. हायड्रोजनच्या बाजूची जाळी काही वेळ धन बाजूसारखी वागायची आणि तिच्यावरचा थर ऑक्साइड होऊन पापुद्रे सुटायचे. म्हणून बंद करतानाही थोडा प्रवाह चालू ठेवायची आमची शिस्त होती. संच उघडल्यावर तळाशी काळा गाळ बसलेला असायचा. तो चिमटीत धरून पाहिला की कळायचं, किती थर गेला ते. हातमोजे घालूनच, कारण पोटॅश साबणासारखं बुळबुळीत लागतं आणि कातडी खाऊन टाकतं.

धातुवेडी

काका, हा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे, आणि हे मी मनापासून म्हणते. आमच्या क्षेत्रातल्या बहुतेक शोधनिबंधांत ही 'बंद करताना' काय होतं याची चाचणीच नसते. सौर आणि पवन विजेवर इलेक्ट्रोलायझर चालवायचा म्हणजे रोज चालू-बंद आलंच. उलटा प्रवाह हा मग अपवाद न राहता रोजचा प्रसंग होतो. निकेल-मॉलिब्डेनम हे अल्कलीत हायड्रोजनसाठी फार सुरेख मिश्रण आहे, पण दाब काढून घेतला की त्यातलं मॉलिब्डेनम हळूहळू द्रावणात उतरतं. चालू असताना पहिला नंबर, बंद असताना विरघळतंय.

तुमच्या पहिल्या मुद्द्याबद्दल : अगदी बरोबर. अल्कलीत स्वस्त उत्प्रेरक शंभर वर्षांपासून आहे. रेनी निकेल घ्या. निकेल-ॲल्युमिनियमचं मिश्रण कॉस्टिकमध्ये बुडवायचं, ॲल्युमिनियम फसफसत निघून जातं आणि मागे स्पंजासारखं सच्छिद्र निकेल उरतं. मरे रेनी यांनी १९२० च्या दशकात ते तेल घट्ट करण्यासाठी शोधलं होतं. हायड्रोजनच्या बाजूला ते आजही वापरतात.

महाग धातूंची अडचण मुख्यतः आम्ली संचांत आहे. तिथे दोन टोकांच्या मध्ये प्रोटॉन वाहून नेणारा पातळ पडदा असतो. तो स्वतःच तीव्र आम्लासारखा वागतो, त्यामुळे निकेल, कोबाल्ट, लोखंड तिथे विरघळून जातात. पण तो पडदा पातळ असल्यामुळे रोध कमी, चौरस सेंटिमीटरला १ ते २ अँपिअर सहज वाहतो, आणि विजेच्या चढ-उतारांना संच चटकन प्रतिसाद देतो. हे फायदे सोडवत नाहीत, म्हणून हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनम आणि ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियम.

मुक्ता७

मग प्लॅटिनमपेक्षा इरिडियमची जास्त काळजी का करतात? बातम्यांत तर सगळीकडे प्लॅटिनमच असतं.

धातुवेडी

कारण हायड्रोजनची बाजू सोपी आहे. दोन इलेक्ट्रॉन, मध्ये एकच थांबा. ऑक्सिजनच्या बाजूला चार इलेक्ट्रॉन काढायचे, मध्ये तीन थांबे, आणि प्रत्येक थांब्यावर पृष्ठभागाची पकड नेमकी हवी. तिथे निसर्गाने एक गाठ मारून ठेवली आहे. पृष्ठभागावरच्या दोन मधल्या अवस्थांच्या ऊर्जेतलं अंतर आदर्श उत्प्रेरकात २.४६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असायला हवं, पण धातू बदला, ऑक्साइड बदला, ते जवळजवळ ३.२ च्याच आसपास राहतं. एका अवस्थेची पकड सुधारायला जावं, तर दुसरीचीही तेवढीच हलते. म्हणून या बाजूला ०.३ ते ०.४ व्होल्ट जवळपास सगळेच भरतात.

आता इरिडियमचा हिशेब, गणिती यांना आवडेल म्हणून सविस्तर. समजा चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इरिडियम, २ अँपिअर, १.८ व्होल्ट. म्हणजे चौरस सेंटिमीटरला ३.६ वॉट. एक गिगावॉटसाठी सुमारे २८ कोटी चौरस सेंटिमीटर लागतील आणि इरिडियम साडेपाचशे किलोच्या घरात. सगळ्या जगात वर्षाला इरिडियम निघतं ७ ते ८ टन, तेही प्लॅटिनमच्या खाणकामातून जोडउत्पादन म्हणून. मागणी वाढली म्हणून जास्त खणून काढता येत नाही. सगळंच्या सगळं इरिडियम याच कामाला लावलं तरी वर्षाला १३-१४ गिगावॉटच्या पुढे जाता येत नाही. प्लॅटिनम महाग आहे, पण ते आहे. इरिडियम मुळात नाहीच.

गणिती

हिशेब बरोबर. पण मग इरिडियमचं प्रमाण दहा पटींनी कमी केलं तर? ०.२ मिलिग्रॅम? नवीन उत्प्रेरक शोधण्यापेक्षा ते सोपं नाही का?

धातुवेडी

त्यावर जोरात काम चालू आहे आणि माझ्या मते आम्ली संचांसाठी नजीकचा मार्ग तोच आहे. अडचण अशी, की थर पातळ केला की त्यात तुटक बेटं होतात, एका कणाकडून दुसऱ्याकडे वीज पोचत नाही. शिवाय थोडं जरी विरघळलं तरी टक्केवारीत ते मोठं ठरतं. जाड थरात दडून जाणारी झीज पातळ थरात लगेच उघडी पडते.

रुथेनियम ऑक्साइड इरिडियमपेक्षाही चपळ आहे, पण आम्लात लवकर विरघळतं. स्वस्तांपैकी आम्लात तग धरणारं म्हणजे मँगनीज ऑक्साइड. २०१९ मध्ये जपानमधल्या एका गटाने दाखवलं, की दाब एका ठरावीक पट्ट्यात ठेवला तर गॅमा मँगनीज डायऑक्साइड आम्लात ८,००० तासांहून अधिक टिकतं. प्रवाह १० मिलिअँपिअर, म्हणजे कारखान्याच्या मानाने शंभर-दोनशे पटींनी कमी. तरी मला हे काम फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यांनी 'किती चपळ' याच्याआधी 'कुठे टिकतं' हा प्रश्न विचारला. आणि वनस्पती ज्या केंद्रात पाणी फोडतात, तिथेही मँगनीजच आहे : चार मँगनीज, एक कॅल्शियम, पाच ऑक्सिजन. २०११ मध्ये त्याची रचना १.९ अँगस्ट्रॉमपर्यंत स्पष्ट दिसली. वनस्पतींचं हे केंद्र उन्हात सतत मोडतं आणि त्याच्या भोवतीचं एक प्रथिन पुन्हा पुन्हा बदललं जातं. टिकाऊपणावर निसर्गाने काढलेला तोडगा दुरुस्ती हा आहे.

कुतूहल

दुरुस्ती करणारा धातूचा उत्प्रेरक असू शकतो का?

धातुवेडी

आहे. २००८ मध्ये कॅनन आणि नोसेरा यांनी कोबाल्ट आणि फॉस्फेट असलेल्या जवळजवळ उदासीन द्रावणात वीज घातली आणि ॲनोडवर आपोआप एक काळपट थर चढला. तो ऑक्सिजन सोडू लागला. त्यातलं कोबाल्ट विरघळलं, तरी दाब चालू असेपर्यंत फॉस्फेटच्या साथीने परत येऊन बसतं. प्रवाह कमी मिळतो, पण 'उत्प्रेरक म्हणजे कायमचा ठोकळा' ही कल्पना त्याने मोडली. माझ्या त्या बीकरमधलं लोखंडही तसंच : थरातून सुटतं, द्रावणातून परत बसतं. द्रावणात थोडं लोखंड असेल तर थर ताजा राहतो.

शाळामास्तर

विषयाला थोडं सोडून, पण विचारायलाच हवं. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं हा प्रयोग करतात. मिठाचं पाणी, स्टीलचे चमचे आणि बॅटरी. पाणी काही वेळात पिवळट-हिरवं होतं. हे चालेल का?

धातुवेडी

कृपया थांबवा. दोन कारणं. मिठातल्या क्लोराइडपासून ॲनोडवर क्लोरीन सुटतो, आणि बंद खोलीत तो घातक आहे. दुसरं म्हणजे स्टेनलेस स्टीलमधलं क्रोमियम विरघळून षट्संयुजी क्रोमियम तयार होऊ शकतं, आणि ते कर्करोगकारक आहे. तो पिवळटपणा त्याचाही असू शकतो. ते पाणी मोरीत ओतू नका, मुलांना हात लावू देऊ नका.

त्याऐवजी खाण्याच्या सोड्याचं पाणी आणि पेन्सिलीतली (ग्रॅफाइटची) शिसं घ्या. ॲनोडचं शिस हळूहळू झिजून काळी पूड पडेल, तेवढं चालतं. दोन परीक्षानळ्या पाण्याने भरून उपड्या ठेवा. हायड्रोजनच्या नळीत दुप्पट वायू जमायला हवा, पण शिसांवर ऑक्सिजनचा काही भाग कार्बन जाळण्यात जातो, म्हणून प्रमाण नेमकं २:१ येत नाही. 'ते का येत नाही' हा प्रश्न मुलांना जरूर विचारा, प्रयोगातला सगळ्यात चांगला भाग तोच आहे. आणि दोन्ही वायू एकाच बाटलीत कधीही साठवू नका. ऑक्सिजनमध्ये ४ टक्क्यांच्या वर हायड्रोजन गेला की मिश्रण पेट घेऊ शकतं.

निवृत्त_फिटर

४ टक्के लक्षात ठेवाच. आमच्या संचात २ टक्क्यांवर घंटा वाजायची आणि संच आपोआप बंद व्हायचा. कमी भारावर चालवताना ही टक्केवारी वाढते, कारण ऑक्सिजन कमी बनतो पण पडद्यातून हायड्रोजन झिरपायचा तेवढाच झिरपतो.

नवसंशोधक

ताई, मी नुकतंच पीएचडीचं काम सुरू केलं आहे. कोबाल्ट फॉस्फाइड बनवलं, आम्लात हायड्रोजनसाठी तपासलं. पहिल्या दिवशी १० मिलिअँपिअरला १४० मिलिव्होल्ट, तिसऱ्या दिवशी ९०, पाचव्या दिवशी ५५! दर दिवशी सुधारतंय. 'स्वयं-सक्रियण' असं लिहायचा विचार आहे. काउंटर इलेक्ट्रोड, म्हणजे समोरचं दुसरं टोक, प्लॅटिनमची तार आहे. काही चुकतंय का?

धातुवेडी

हो, चुकतंय. बरं झालं लिहिण्याआधी विचारलंस.

तुझी प्लॅटिनमची तार ऑक्सिजनच्या बाजूला आहे. तिथल्या दाबावर प्लॅटिनम आम्लात थोडं थोडं विरघळतं, द्रावणातून पोहत येतं आणि तुझ्या फॉस्फाइडवर जाऊन बसतं. पाचव्या दिवशी तू कोबाल्ट फॉस्फाइड मोजत नव्हतास, प्लॅटिनम मोजत होतास. 'उत्प्रेरक दिवसेंदिवस सुधारतोय' हे या क्षेत्रात आनंदाचं लक्षण कमी आणि धोक्याची घंटा जास्त असते.

हे मी इतक्या खात्रीने सांगते, कारण माझंही हेच झालं होतं. सहा आठवड्यांचं काम होतं. एका वरिष्ठ सहकाऱ्याने माझी तार चिमट्यात धरून खिडकीशी नेली आणि मला दाखवलं : टोकाशी ती निस्तेज, राखाडी झाली होती, वरचा न बुडालेला भाग मात्र आरशासारखा. मी ते आकडे फेकले आणि ग्रॅफाइटची कांडी लावून सगळं पुन्हा मोजलं. सुधारणा नाहीशी झाली. पदार्थ वाईट नव्हता, पण जितका दिसत होता तितका चांगला नव्हता.

आजच कर : ग्रॅफाइटची कांडी आणि मध्ये पडदा असलेला घट. जुन्या नमुन्याच्या पृष्ठभागावर प्लॅटिनम आहे का ते तपासून घे. संदर्भ इलेक्ट्रोडची (ज्याच्या तुलनेत दाब मोजतोस त्याची) हायड्रोजनच्या तुलनेत जुळणी स्वतः करून बघ, पुस्तकातल्या आकड्यावर विसंबू नकोस. द्रावणाच्या रोधाची भरपाई किती टक्के केलीस ते निबंधात लिही. अल्कलीत काम करशील तेव्हा काच नको, प्लॅस्टिकचा घट वापर. पोटॅश काच खातं आणि काचेतलं लोखंड द्रावणात उतरतं.

नवसंशोधक

तार पाहिली. टोक राखाडी आहे.

उद्या ग्रॅफाइटने सुरुवात करतो. मनापासून आभार.

साधा_वाचक

हे वाचून पोटात कालवाकालव झाली. मग निबंधांत छापलेले आकडे खरे किती, हे आमच्यासारख्याने कसं ओळखायचं?

धातुवेडी

बातमी वाचताना मी स्वतः काय पाहते ते सांगते.

पहिलं, प्रवाह किती. १० मिलिअँपिअर हा आकडा २०१३ च्या सुमारास तुलनेसाठी रूढ झाला. तो सौर ऊर्जेवर थेट पाणी फोडणाऱ्या, सुमारे १० टक्के कार्यक्षमतेच्या उपकरणाच्या हिशेबातून आला होता. तिथे तो योग्यच आहे. पण कारखान्यात शेकडो ते हजारो मिलिअँपिअर लागतात, आणि १० ला जो जिंकतो तो १००० ला बुडबुड्यांत गुदमरू शकतो. मोबाइलचा कॅमेरा जवळ धरून निकेलच्या फोमकडे पाहा. साध्या फोमवर बुडबुडे फुगून चिकटून बसतात, बराच वेळ हलत नाहीत. त्यावर सूक्ष्म पात्यांचा थर वाढवला असेल तर तेच बुडबुडे बारीक होऊन धुरासारखे वर निघून जातात. या एका फरकाने कधीकधी रसायनापेक्षा जास्त वीज वाचते.

दुसरं, तास किती. निबंधात २४ तास, फार तर १००. कारखान्यातला संच ६०,००० तासांच्या पुढे चालावा अशी अपेक्षा असते.

तिसरं, नंतर काय उरलं. ऑक्सिजनच्या बाजूला सल्फाइड, फॉस्फाइड, सेलेनाइड वापरल्याचे निबंध ढिगाने आहेत. चालवल्यावर त्यातलं गंधक, फॉस्फरस निघून जातो आणि उरतं ते निकेल-लोखंडाचं ऑक्सिहायड्रॉक्साइड. म्हणजे फिरून आपण त्या बीकरपाशीच. नाव फॉस्फाइडचं, काम गंजाचं. हायड्रोजनच्या बाजूला मात्र निकेल आणि कोबाल्टचे फॉस्फाइड खरोखर गुणी आहेत. निकेल फॉस्फाइड चांगलं ठरेल असं २००५ मध्ये गणिताने सांगितलं आणि २०१३ मध्ये प्रयोगाने ते दाखवून दिलं.

मुक्ता७

समुद्राचं पाणी थेट फोडणारे उत्प्रेरक निघाल्याचं वाचलं होतं. गोड्या पाण्याचा प्रश्नच मिटेल ना?

धातुवेडी

इथे माझं मत ठाम आहे, काही सहकाऱ्यांना ते पटत नाही. एक किलो हायड्रोजनला ९ लिटर पाणी लागतं, नासधूस धरून २० म्हणा. समुद्राचं पाणी गोडं करायला हजार लिटरला ३ ते ४ युनिट वीज लागते, म्हणजे आपल्या २० लिटरला फार तर ०.०८ युनिट. पुढे ते पाणी फोडायला पन्नासेक युनिट लागणार आहेत. ०.०८ वाचवण्यासाठी क्लोराइड, मॅग्नेशियमचे क्षार आणि शेवाळ संचात घ्यायचं, हे मला पटत नाही. रसायन म्हणून प्रश्न सुंदर आहे. अल्कलीत क्लोराइडच्या आधी ऑक्सिजन सुटावा यासाठी सुमारे ०.४९ व्होल्टची मोकळी जागा मिळते आणि निकेल-लोखंड त्यात छान बसतं. त्या अभ्यासातून गंज रोखण्याचे जे उपाय निघाले ते इतरत्र उपयोगी पडतील. पण संच चालवायचा तर आधी पाणी गोडं करावं.

गणिती

म्हणजे निष्कर्ष असा निघतो की अल्कली माध्यमात राहावं, निकेल-लोखंड घ्यावं आणि पडदा मात्र आम्ली संचासारखा पातळ असावा?

धातुवेडी

मला तरी तीच वाट सगळ्यात आशेची वाटते. असे पडदे आहेत, ते प्रोटॉनऐवजी हायड्रॉक्साइड वाहून नेतात. मग दोन्ही टोकांना स्वस्त धातू चालतात. अडकलं आहे ते पडद्यापाशी. त्यावरच्या धनभारित नायट्रोजनच्या गटांना गरम अल्कली कुरतडते आणि पडदा हळूहळू निकामी होतो. गेल्या काही वर्षांत त्यांचं आयुष्य बरंच वाढलं आहे. ज्यांना स्वस्त हायड्रोजनसाठी काही करायचं आहे आणि अजून विषय निवडायचा आहे, त्यांना मी आज सांगेन की एकोणिसावा निकेल-लोखंडाचा नमुना बनवण्यापेक्षा पडद्याकडे वळा, किंवा काकांनी सांगितलेल्या उलट्या प्रवाहाकडे.

निवृत्त_फिटर

उलट्या प्रवाहावर कुणी काम करणार असेल तर मी मदत करायला तयार आहे. बंद करतानाच्या दाबाच्या, तापमानाच्या नोंदी कशा ठेवायचो ते तपशीलवार लिहून देईन.

नवसंशोधक

काका, मला हवंय. व्यनि करतो.

ताई, ग्रॅफाइट लावून आजचे आकडे : पहिल्या दिवशी १४२ मिलिव्होल्ट. नवा नमुना आहे, उद्या आणि परवा मोजून इथेच टाकतो.

नवसंशोधक

तिसरा दिवस : १४५.

धातुवेडी

हा आकडा लिही.